हरणाच्या शिकारीला जाताना: चालणाऱ्याचे कपडे निराळे, बसणाऱ्याचे निराळे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या कोल्हापूरच्या असून लग्नानंतर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतात. त्यांचे यजमान तिथलेच. सासरची सगळी मंडळी दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस राज्याच्या उत्तर भागातील जंगलात, कुटुंबाच्या लाकडी घरात, हरणाच्या शिकारीसाठी जमतात. या वर्षी सासऱ्यांनी सुनेलाही बोलावले आहे. बंदूक त्या हातात धरणार नाहीत, फक्त सासऱ्यांच्या शेजारी मचाणावर बसणार आहेत. गेल्या जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेल्या असताना तीन-तीन पायमोजे घालूनही त्यांच्या पायांची बोटे बधिर झाली आणि सगळ्यांदेखत गाडीत जाऊन बसावे लागले. ती शरम अजून मनात आहे. त्यांचे प्रश्न असे: उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या हिवाळी ट्रेकसाठी घेतलेले सामान इथे चालेल का? सुमारे 600 डॉलरचा जंगली नक्षीचा, म्हणजे कॅमोफ्लाज, शिकारी सूट घ्यावा का? बूट कोणते घ्यावेत? आणि हे सगळे सासऱ्यांना विचारले तर ‘सुनेला एवढेही कळत नाही’ असे तर त्यांना वाटणार नाही ना?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्या तीन प्रश्नांची निम्मी उत्तरे सासऱ्यांकडेच आहेत. त्यांना विचारणे कमीपणाचे ठरेल, असे तुम्ही धरून चालला आहात. पण ते तुम्हाला ठाऊक असावे, ही अपेक्षा कोणी कशाला ठेवील? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि त्यासोबत तिच्याभोवतीचे घरगुती ज्ञानही संपले. तुमच्या कोल्हापूरजवळचे दाजीपूरचे रान संस्थानच्या काळात राजघराण्याच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. 1958 साली तेच महाराष्ट्राचे पहिले अभयारण्य झाले. तिथे गवे पाहायला गेलेल्या पिढीला शिकारीच्या बुटांची पारख नसणे यात लाजण्यासारखे काहीच नाही. शिवाय यात सासऱ्यांचाही स्वार्थ आहे. शेजारी बसलेले माणूस थंडीने कुडकुडू लागले, पाय आपटू लागले, सारखे हात चोळू लागले, की येणारे हरीण वाटेतच थबकते आणि माघारी वळते. तुम्ही उबदार राहणे ही त्यांच्या शिकारीचीही गरज आहे.

म्हणून या आठवड्यात त्यांना फोन करा आणि नेमके विचारा. मचाण झाडावरचे, चारी बाजूंनी उघडे आहे, की जमिनीवरची किंवा खांबांवरची बंद खोपटी आहे आणि तिच्यात हीटर असतो का? घरापासून तिथवर चालायचे किती, आणि चढ-दलदल आहे का? एका बैठकीत किती तास बसायचे? दुपारनंतर हाका घालण्याची, म्हणजे रांगेने चालत हरणे शिकाऱ्यांकडे हुसकावण्याची, त्यांच्याकडे पद्धत आहे का, आणि असल्यास हाकाऱ्यांच्या रांगेत तुम्हालाही धरले आहे का? हीटर असलेल्या खोपटीत बसायचे असेल तर खालचा निम्मा सल्ला तुम्हाला लागणारही नाही. आणखी एक विचारून ठेवा: ‘घरात जास्तीचे काही कपडे टांगलेले आहेत का?’ पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या अशा घरांत जुने लोकरी कोट, जाड विजारी, कुणाच्या तरी मापाचे बूट बहुधा खुंटीवर असतातच. विकत घेण्याआधी ते अंगाला लावून बघावेत.

आता ट्रेकच्या सामानाविषयी. ते वाईट नाही, अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे कळले की बाकीचे बरेचसे आपोआप सुटेल. ट्रेकचे कपडे चालणाऱ्या माणसासाठी बेतलेले असतात. बर्फात चढणारे शरीर स्वतःच भट्टीसारखे तापत असते. कपड्यांचे काम ती उष्णता थोडी राखणे आणि घाम बाहेर जाऊ देणे इतकेच असते. मुक्कामाला पोचल्यावर आपण गरम चहा घेतो आणि स्लीपिंग बॅगेत शिरतो. मचाणावर नेमके उलटे घडते. उजाडण्याच्या आधी अंधारात तुम्ही जाऊन बसता आणि तीन-चार तास जवळजवळ निश्चल राहता. स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे उष्णता तयार होत नाही, आणि शरीर पोटा-छातीची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडते घेते. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये त्या दिवसांत पहाटे पारा शून्याखाली पाच-दहा अंश जाणे नेहमीचे आहे, एखाद्या वर्षी तो उणे 15 पर्यंतही उतरतो. उणे 10 अंशांत ताशी 20 किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या त्वचेला तो गारवा उणे 18 सारखा लागतो, आणि उंच मचाणावर वारा अडवायला आडोसा कसला? तळ्यावर तुमचे जे झाले तेही हेच होते: थंडी सोसण्याची ताकद कमी पडली नाही, बसण्याच्या कामाला चालण्याचे कपडे घातले गेले.

पण गोम अशी आहे की मचाणापर्यंत जायचे ते चालतच. घरातून निघताना सगळे थर अंगावर चढवून, फुगलेल्या अवस्थेत अर्धा मैल बर्फातून चाललात, तर पोचेपर्यंत पाठ घामाने भिजलेली असेल, आणि तो घाम पुढचे चार तास तुमच्या अंगातली ऊब खेचत राहील. शिकारीतली थंडी बहुतेक वेळा अशी आतून लागते. तेव्हा निघताना थोडे गारच वाटले पाहिजे. अंगात पातळ थर्मल आणि एखादा हलका फ्लीस, एवढ्यावर सावकाश चालावे. जाड कोट पाठीवरच्या पिशवीला बांधून न्यावा. मचाणाच्या पायथ्याशी दोन मिनिटे थांबून, वाफ निघून गेल्यावर, तो चढवावा. त्यासाठी घरून दहा मिनिटे लवकर निघावे लागेल, हेही सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

थरांचे गणित तुम्हाला ट्रेकमुळे माहीत आहे, त्यामुळे ते उगाळत बसत नाही. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, अंगाबरोबर बसणारा असावा. सुती बनियन, सुती अंतर्वस्त्रे आणि जीन्स यांना या दिवशी पूर्ण सुट्टी द्यावी, कारण सूत घाम पिते आणि सोडत नाही. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा घेऊनही अंगाला ओली लागत नाही. केदारकंठाचे थर्मल याच जातीचे असतील तर तेच वापरा. त्यावर एक जाड फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. आईने विणलेला खराखुरा लोकरीचा स्वेटर कपाटात असेल, तर तो इथे दुकानातल्या कशाहूनही कमी पडणार नाही, फक्त तो ॲक्रिलिकचा नाही ना हे बघा. ट्रेकचे पिसांचे जॅकेट तिसरा थर म्हणून उत्तम आहे, मात्र ते ओले झाले की पिसे चिकटतात आणि ऊब संपते. ओला बर्फ पडण्याची चिन्हे असतील तर कृत्रिम भरणाचे जॅकेट बरे. शिवाय अशा जॅकेटच्या नायलॉनची सळसळ होते, म्हणून ते बाहेरून न घालता आत घालावे.

या सळसळीकडे नवखी माणसे हमखास दुर्लक्ष करतात. घरात टीव्ही, पंखा, सगळे बंद करून संपूर्ण पोशाखात उभ्या राहा आणि हात हळूच कानापर्यंत न्या. कापडाचा जो आवाज तुम्हाला ऐकू येईल, तो गोठलेल्या, निवांत जंगलात हरणाला कितीतरी लांबून ऐकू जाईल. खिशांची वेल्क्रो उघडताना होणारी चरचर तर त्याहून वाईट. सर्वांत बाहेरचा थर म्हणून लोकर किंवा दाट फ्लीस यांना जुनी शिकारी मंडळी अजून का चिकटून आहेत, याचे कारण हेच आहे. दुकानातल्या चकचकीत जलरोधक कोटाची खरी गरज पावसात पडते, कोरड्या थंडीत पडत नाही.

कमरेखाली मात्र ट्रेकच्या विजारीवर विसंबू नका. खांद्यांवर पट्टे असलेली, छातीपर्यंत येणारी भरणाची विजार, जिला तिथे बिब म्हणतात, ती मिळवा. साधी विजार आणि कोट यांच्यामध्ये बसल्यावर कमरेपाशी जी फट पडते, तिथून वारा शिरतो आणि तो दिवसभर शिरत राहतो. स्त्रियांसाठी यात एक अडचण असते, आणि पुरुषांच्या गप्पांत ती कधीच निघत नाही म्हणून इथे स्पष्ट लिहिते: चार तासांत लघवीला जावे लागणारच. पट्ट्यांची विजार पुरी उतरवायची म्हणजे कोट, जॅकेट, सगळेच काढणे आले. म्हणून पायांच्या कडेने कमरेपर्यंत चेन असणारी किंवा मागचा भाग वेगळा उघडणारी, स्त्रियांच्या मापाची बिब निवडा. ही कटकट टाळण्यासाठी आदल्या रात्रीपासून पाणीच न पिण्याचा मार्ग पुष्कळ जणी पत्करतात, तो कृपया पत्करू नका. पाणी कमी पडलेल्या शरीराला थंडी अधिक बाधते.

आता 600 डॉलरच्या सुटाविषयी. शिकार म्हटले की अंगावर पानापाचोळ्याची नक्षी हवीच, हे आपण चित्रांवरून आणि जाहिरातींवरून धरून चालतो. विस्कॉन्सिनमधल्या बंदुकीच्या हरीण-हंगामात ती नक्षी बरीचशी झाकलीच जाणार आहे. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या या नऊ दिवसांत शिकार करणाऱ्याच्या कमरेच्या वर असलेल्या बाहेरील कपड्यांचा निदान 50 टक्के भाग भडक केशरी किंवा भडक गुलाबी असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि डोक्यावर टोपी असल्यास तिचाही निम्मा भाग त्याच रंगाचा लागतो. या राज्यात 1945 पासून लाल रंग सक्तीचा होता, 1980 पासून त्याची जागा केशरीने घेतली आणि 2016 मध्ये गुलाबीलाही मान्यता मिळाली. बंदूक तुमच्या हातात नसली तरी तुम्ही हा रंग घातलाच पाहिजे. गोळी झाडणारे लोक त्या रानात सगळीकडे असतात, आणि तुम्ही शिकारी आहात की सोबती हे लांबून कोणालाही कळत नाही.

‘मग हरणाला आपण दिसणार नाही का?’ ही शंका रास्त आहे. हरणाच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. तांबड्या-केशरी छटा त्याला वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्याला डोळ्यांत खुपणारे ते केशरी त्याला मळकट, करडे-तपकिरी दिसते. निळा रंग मात्र त्याला चांगला दिसतो. तेव्हा निळी जीन्स दोन्ही बाजूंनी नापास होते. कपडे ‘अधिक शुभ्र’ करणाऱ्या साबणांत जी चमकद्रव्ये असतात ती कापडाला निळसर झळाळी देतात, म्हणून शिकारीचे कपडे साध्या, बिनवासाच्या साबणात धुवावेत. हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांहून तीक्ष्ण असते. त्या सकाळी अत्तर, सुवासिक तेल आणि वासाचे लोशन यांना रजा द्या.

सूट म्हणूनच घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दहा-वीस डॉलरांना मिळणारा एकरंगी केशरी जाकीटवजा व्हेस्ट घ्या, आणि तो तुमच्या सर्वांत जाड कोटावर सहज बसेल इतका मोठा घ्या. चालताना तोच पातळ कपड्यांवर घालायचा आणि कोट चढवल्यावर पुन्हा त्याच्यावर घालायचा. कोटाखाली गेलेला केशरी कोणाच्याही उपयोगाचा नाही. पाठीवरच्या पिशवीने पाठीचा सगळा रंग झाकला जातो, म्हणून पिशवीलाही केशरी कापडाचा एक तुकडा बांधा. उन्हाने विटलेला, घरात पडून असलेला जुना व्हेस्ट कोणी आपुलकीने दिला तरी नको म्हणा. आणि एक बारीक गोष्ट: पांढरा हातरुमाल, पांढरे हातमोजे, पांढरी कानटोपी जवळ बाळगू नका. तिथल्या हरणाची शेपटी उधळताना वर उठते आणि खालून पांढरीशुभ्र चमकते. झुडपात हललेला पांढरा तुकडा एखाद्या उतावळ्या माणसाला काय वाटेल, याचा भरवसा देता येत नाही.

आता पायांकडे येते. माझ्या मते तुमचे जवळजवळ सगळे पैसे इथे खर्च व्हावेत.

तीन पायमोज्यांनी तुमची बोटे वाचली नाहीत, उलट बहुधा तीन पायमोज्यांमुळेच ती बधिर झाली. ऊब कापडापेक्षाही त्यात अडकलेल्या हवेत असते. नेहमीच्या मापाच्या बुटात तीन मोजे कोंबले की ती हवा दाबून बाहेर निघते, शिवाय आवळलेल्या पावलात रक्त नीट फिरत नाही. एक पातळ, घाम पुढे सरकवणारा मोजा आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा, एवढे पुरे. बूट मात्र त्या दोन मोज्यांसह घालून बघायचा आणि तुमच्या मापापेक्षा अर्ध्या ते एका नंबराने मोठा घ्यायचा. बुटात पायाची पाचही बोटे मोकळी हलली पाहिजेत. ती हलत नसतील, तर किंमत कितीही असो, तो बूट परत ठेवा.

केदारकंठाचे ट्रेकिंग बूट मचाणावर चालणार नाहीत. ते वजनाला हलके, भरण बेताचे आणि घोट्याला आधार देणारे असतात, म्हणजे पुन्हा चालण्याचेच. बसण्यासाठी दोन जातींचे बूट चांगले ठरतात. एक, वरून चामडे, खालून रबर आणि आत काढता-घालता येणारा जाड फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, अस्तर-बूट. रबरी तळ आणि चामड्याचा वरचा भाग जोडण्याची कल्पना मेन राज्यातल्या एल. एल. बीन यांनी 1912 साली शिकारीसाठीच बाजारात आणली. पहिल्या 100 जोड्यांपैकी 90 शिवण उसवल्यामुळे परत आल्या आणि त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले. पण मूळ विचार टिकला, कारण बर्फाच्या चिखलात खालून पाणी येते आणि वरून वाफ जावी लागते. फेल्टच्या बुटाचा मोठा फायदा म्हणजे रात्री अस्तर बाहेर काढून शेकोटीजवळ, तिच्यापासून हातभर दूर, वाळवता येते. तसे न केल्यास पहिल्या दिवशीचा घाम दुसऱ्या दिवशी बर्फ होतो. दुसरी जात म्हणजे आत भरण असलेले, गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट. दलदल जास्त असेल तर ते बरे, पण त्यातून वाफ मुळीच जात नाही, म्हणून मचाणावर पोचल्यावर मोजे बदलणे तिथे अनिवार्य ठरते.

दुकानात बुटावर 400, 800, 1200 असे ग्रॅमचे आकडे दिसतील. ते बुटाचे वजन नसून भरणाचे दर चौरस मीटरचे वजन असते. चालण्याच्या शिकारीला 200 ते 400 पुष्कळ होतात, चार तास बसण्यासाठी 800 च्या वरचे बघावे. ‘उणे 40 अंशांपर्यंत’ असे छापलेले असते, त्यावर फारसे जाऊ नका. ते मोजण्याची रीत कंपनीगणिक बदलते आणि बसून राहिलेल्या माणसाला ते आश्वासन लागू पडेलच असे नाही. असे बूट घेणे खिशाला जड वाटत असेल, तर ट्रेकचे बूट घालून चालत जाऊन, मचाणावर बसल्यावर त्यांच्यावरूनच चढवायच्या भरणाच्या खोळी मिळतात. मोजके दिवस जाणाऱ्यांना तो पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

बूट विकत घेऊन काम संपत नाही. आदल्या रात्री ते गाडीच्या डिकीत राहिले तर सकाळी ते बर्फासारखे गार असतात आणि त्यांना तापवण्यातच तुमच्या पायांची ऊब खर्ची पडते, म्हणून ते घरातच ठेवावेत. उलट, हीटर लावलेल्या गाडीतून जायचे असेल तर ते पायात घालून बसू नये, नाहीतर जाण्याआधीच मोजे ओले. गाडीत साधे बूट, उतरल्यावर शिकारीचे बूट. मचाणाचा तळ बहुधा लोखंडी जाळीचा असतो आणि तो तळव्यातून उष्णता ओढत राहतो. पायांखाली जुन्या गालिचाचा किंवा फोमचा एक तुकडा टाकला तर फरक लगेच कळतो, शिवाय पाय हलवल्याचा आवाजही होत नाही. बैठकीवरही तसाच एक तुकडा हवा.

हवेशी संयोग होऊन तापणाऱ्या लोहचूर्णाच्या पुड्या तिथे सर्रास वापरतात. खिशात, हातमोज्यांत त्या छान चालतात. बंद गमबुटात मात्र त्यांना हवाच पुरत नाही आणि त्या मंदावतात. म्हणून बोटांसाठी खास बनवलेल्या पातळ पुड्या घ्याव्यात, बूट घालण्याआधी काही मिनिटे उघड्यावर ठेवून तापू द्याव्यात, आणि त्या मोज्यावर चिकटवाव्यात, त्वचेला कधीच लावू नयेत. गारठ्यात तुमची बोटे नेहमीच पांढरी-निळी पडून दुखत असतील, तर तो प्रश्न बुटांचा नाही. जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

हातांसाठी पातळ हातमोजे आणि त्यावर चारही बोटे एकत्र ठेवणारे जाड मिटन, एवढे पुरते. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे खरे नाही, डोक्याच्या वाट्याला त्याच्या आकाराइतकीच जाते. तरीही उघडे कान आणि मान फार छळतात, म्हणून आपली माकडटोपी केशरी रंगात मिळवा आणि गळ्याभोवती लोकरीची पट्टी घ्या. लांब शाल किंवा स्कार्फ नको, तो शिडीत अडकतो.

शिडीवरून आठवले. झाडावरच्या मचाणावर चढणार असाल तर अंगाला सुरक्षा-पट्टा बांधावा लागेल, आणि शिकारीतल्या गंभीर दुखापतींमध्ये मचाणावरून पडण्याचा वाटा मोठा असतो. हा पट्टा तुमच्या जाड कोटावरून बसतो का, हे आधी घरी पाहा. कोट जमिनीवरच चढवायचा, त्यावर पट्टा, आणि मग चढायचे. वर गेल्यावर कोट घालण्यासाठी पट्टा सोडणे हे कधीही करू नये. जाड तळव्यांच्या बुटांना शिडीच्या कांबी नीट जाणवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पायरी सावकाश. वर बसल्यावर तुमचा थरकाप थांबेनासा झाला, बोटांनी चेन लागेना, बोलताना जीभ अडखळू लागली, तर तिथे सहनशीलता दाखवायची नाही, सासऱ्यांना लगेच सांगून खाली उतरायचे आणि घराकडे चालू लागायचे.

थंडी नसेल, तर दुसरेच संकट असते. नोव्हेंबरमध्ये पारा शून्याच्या वर राहिला तर हरणांवरच्या गोचिडी फिरत्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. विजार मोज्यांत खोचा, संध्याकाळी अंग नीट तपासा. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असाल तर ते कपड्यांवरच, आदल्या दिवशी, उघड्यावर. त्वचेवर नाही, आणि घरात मांजर असल्यास फवारा वाळेपर्यंत तिला दूर ठेवा.

अशाच आमंत्रणांविषयी इतरही काही वाचकांची पत्रे आली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर डोंगर तुडवायचा असेल तर वरचे सगळे उलटे धरा: हलके थर, कमी भरणाचे, घोटा धरून ठेवणारे आणि आधीपासून पायात मुरवलेले चामडी बूट; तिथे बंदुकीच्या शिकारीत कमरेच्या वर 500 चौरस इंच सलग केशरी किंवा गुलाबी लागतो आणि नक्षीदार केशरी त्यात धरला जात नाही. बदकांना रंग उत्तम दिसतात, म्हणून त्यांच्या शिकारीत मात्र नक्षीचे कपडे खरोखर कामाचे असतात. वसंतात टर्की पक्ष्याच्या शिकारीला जाणाऱ्यांनी लाल, पांढरा आणि निळा हे तिन्ही रंग टाळावेत, कारण नर टर्कीचे डोके त्याच रंगांचे असते. स्वतः बंदूक धरायची इच्छा असलेल्यांनी कपड्यांआधी राज्याच्या परवान्याची आणि प्रशिक्षणाची अट पाहावी, आणि तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी बंदुकीसंबंधीचा संघराज्याचा कायदा वकिलाकडून समजून घ्यावा.

तुमच्याकडे परत येते. सासऱ्यांशी बोलून झाले, बूट आणि व्हेस्ट आणून झाले, की हंगामाच्या आधीच्या एखाद्या गार पहाटे संपूर्ण पोशाख चढवून घराच्या मागच्या अंगणात खुर्ची टाका आणि दोन तास न हलता बसा. फोन आत ठेवा. पहिल्या तासात कुठे गार लागते ते लक्षात घ्या: कमरेपाशी, मनगटापाशी, टाचेपाशी, की बोटांत. त्या जागेपुरतीच सुधारणा करायची असते, सगळे नव्याने घ्यायचे नसते. बूट अपुरे वाटले तर ते बदलून घेता यावेत, म्हणून ही परीक्षा फरशीवर किंवा जुन्या चटईवर पाय ठेवून द्या, तळव्यांना चिखल लागू देऊ नका, आणि पावती जपून ठेवा.